लैंगिक गुन्ह्यांच्या बातम्यांची भाषा

बलात्कार, विनयभंग, बालकांवरील लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांच्या वार्तांकनातली शब्दनिवड व वाक्यरचना, आणि तिच्यातून तक्रारदार व आरोपी यांच्याविषयी वाचकाचे बनणारे मत, हा या नोंदीचा विषय. मराठीपुरते पाहायचे तर या भाषेचे मूळ बरेचसे पोलीस ठाण्यात सापडते. १८६०च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३५४च्या गुन्ह्याला मराठीत ‘विनयभंग’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली येतो, शब्द तोच राहिला. ‘स्त्रीच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य’ ही शब्दरचना फिर्यादीतून प्रेसनोटमध्ये आणि तिथून बातमीत येते. अंगावर हात टाकला पुरुषाने, तपासली जाते ती तिची लाज.

‘अब्रू लुटली’, ‘शील भ्रष्ट केले’ हे प्रयोग याच वळणाचे. अब्रू गेली ती तिची आणि तिच्या घराची, असा त्यांचा अर्थ होतो. मग तक्रार दाबून टाकणे घरच्यांना शहाणपणाचे वाटते. ‘अतिप्रसंग’ हा सोज्वळ शब्द तर नको तिथे स्पर्श करण्यापासून बलात्कारापर्यंत काहीही झाकतो. नेमके काय घडले, हे बातमी वाचून कळतच नाही.

शब्दांइतकीच वाक्यरचना महत्त्वाची. ‘तरुणीवर अत्याचार झाला’ या वाक्याला कर्ता लागत नाही. पाऊस झाला, अपघात झाला, तसा अत्याचार झाला. इंग्रजीतल्या कर्मणी प्रयोगाबाबत मानसशास्त्रज्ञ नॅन्सी हेन्ली व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अशी रचना वाचलेल्या पुरुषांनी अत्याचार करणाऱ्याची जबाबदारी कमी मानल्याचे दिसले. मराठीत ‘झाला’ म्हटले की काम आणखी सोपे होते.

नमुन्यादाखल एक मथळा रचून पाहू : ‘रात्री एकट्या निघालेल्या तरुणीवर अत्याचार’. त्यात वेळ आहे, तिचे एकटेपण आहे; नाही तो फक्त माणूस. ‘तरुणीची बलात्काराची तक्रार, दोघांना अटक’ असे लिहिले तर जागा तेवढीच लागते आणि कोणालाही आधीच दोषी ठरवले जात नाही. आरोपीचा ठावठिकाणाच नसेल तेव्हा ‘झाला’ लिहिण्यावाचून इलाज नसतो, हेही खरे. ‘एकतर्फी प्रेमातून’ हे मात्र कोणत्याच परिस्थितीत समर्थनीय नाही. ते आरोपीचे म्हणणे बातमीदाराच्या तोंडी घालते.

उलट टोकाला ‘नराधम’ आणि ‘वासनांध’. शब्द त्वेषाचे; पण निकालाआधीच शिक्का मारणारे, आणि गुन्हेगार म्हणजे कुणी अनोळखी राक्षस असे चित्र उभे करणारे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक नोंदींत आरोपी ओळखीचाच असतो : नातेवाईक, शेजारी, मित्र. नराधमाच्या शोधात असलेल्या वाचकाचा घरातल्या काकांवरच्या तक्रारीवर विश्वास बसत नाही.

पीडितेची ओळख उघड करण्याला कायद्याने बंदी आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दोन पोलिसांना निर्दोष सोडले. त्याविरुद्धच्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिच्यातच ही बंदी घालणारे दंड संहितेचे कलम २२८अ आले (आता न्याय संहितेचे कलम ७२). ते प्रकरण स्वतः मात्र आजही त्या मुलीच्या नावानेच ओळखले जाते. नाव टाळून गाव, शाळा, वडिलांचा धंदा छापण्याची पळवाटही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८च्या निकालात बंद केली : ओळख पटेल असा दूरान्वयानेही तपशील नको.

ऑगस्ट २०२३ मध्ये याच न्यायालयाने लिंगभावविषयक साचेबद्ध शब्दांबद्दल पुस्तिका काढली. ‘ईव्ह टीझिंग’ऐवजी रस्त्यावरील लैंगिक छळ म्हणावे, असे तीत सुचवले आहे. मराठीतली ‘छेडछाड’ अजून मथळ्यांतून हललेली नाही. ती एका स्तंभात मावते.