बोके चुकतो, त्सुक्कोमी झापतो: विनोदी रोबोंची पार्श्वभूमी

जपानच्या कोनान विद्यापीठात आई-चान आणि गोन्ता नावाचे दोन रोबो आहेत. विषयाचा एक शब्द दिला की त्यावरची बातमी इंटरनेटवरून शोधून तिचा विनोदी संवाद तयार होतो आणि हे दोघे तो सादर करतात. अकियो नादामोतो यांच्या गटाने २०१० च्या दशकात घडवलेल्या या प्रणालीचं मूळ मात्र रंगभूमीवर आहे.

ते मूळ म्हणजे मान्झाई, जपानमधला दोघांचा विनोदी संवादप्रकार. ती आधी नववर्षाला दारोदार फिरून शुभेच्छा देणाऱ्या कलावंतांची शेकडो वर्षांची परंपरा. १९३० च्या दशकात ओसाकाच्या एन्तात्सु-आचाको जोडीने गाणं-बजावणं बाजूला सारलं, सूट चढवला आणि नुसत्या गप्पांवर प्रेक्षक हसवले. बेसबॉलच्या सामन्यावरचा त्यांचा संवाद तर फारच गाजला. या गप्पांत ‘बोके’ काहीतरी भलतंच बोलतो आणि ‘त्सुक्कोमी’ त्याला तिथल्या तिथे झापतो.

संगणकाकडे विनोद आला तो वेगळ्या वाटेने. १९९४ मध्ये एडिंबरा विद्यापीठात किम बिन्स्टेड आणि ग्रॅम रिची यांनी ‘जेप’ हा कोड्यांच्या रूपातल्या शाब्दिक कोट्या रचणारा प्रोग्रॅम केला. मुलांना त्या कोट्या विनोद म्हणून पटल्या, पण माणसांच्या विनोदांइतक्या त्या रंगल्या नाहीत. पुढे बिन्स्टेड यांनी ओसामु ताकिझावा यांच्यासोबत जपानी कोट्यांचा प्रोग्रॅम केला, त्याचं नावच ‘बोके’! २००५ च्या सुमारास जपानच्या एटीआर या संशोधन संस्थेच्या संशोधकांनी ‘रोबोव्ही’ नावाच्या दोन रोबोंना मान्झाईसाठी उभं केलं. संवाद माणसांचेच होते, पण दोन यंत्रांचं आपसातलं बोलणं लोक प्रेक्षक म्हणून ऐकतात, हे त्यातून दिसलं.

कोनानचा गट संवादलेखनही यंत्राकडे देतो. सुरुवातीला प्रेक्षकांना पकडणारी ‘त्सुकामी’, मग मुख्य भाग, शेवटी हशा पिकवणारी ‘ओची’. मुख्य भागात बातमीतली वाक्यं छोटी करून दोघांत वाटली जातात आणि एखाद्या शब्दाच्या जागी उच्चाराने जवळचा, पण तिथे न शोभणारा शब्द बसवला जातो. जपानीत सारख्या उच्चाराचे शब्द भरपूर, त्यामुळे सामग्रीची वानवा नाही.

मला या रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही: विनोद ‘समजणं’ यंत्राला अजून फार अवघड आहे, पण मान्झाईत त्याची गरजच कमी पडते. चुकीचा शब्द प्रोग्रॅमनेच पेरलेला असतो, म्हणून मूळ शब्द कोणता होता हेही त्याला ठाऊक असतं. गोन्ता चुकला की आई-चान नेमकी त्याच जागी बोट ठेवते.