‘इनेप्ट’ आणि त्याचा आप्त

हाती घेतलेले काम बिघडवून ठेवणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत ‘इनेप्ट’ हा शब्द वापरतात आणि मराठीत आपण त्याचा अर्थ ‘अकुशल’ किंवा सरळ ‘नालायक’ असा सांगतो. आजच्या वापरापुरते ते बरोबरच आहे. मात्र या शब्दाच्या मुळाशी कौशल्याचा अभाव नसून न जुळण्याची कल्पना आहे.

लॅटिनमध्ये ‘आप्तुस’ म्हणजे नीट बांधलेले, घट्ट जोडलेले आणि म्हणून चपखल बसणारे. त्याला नकारार्थी ‘इन’ लागून ‘इनेप्तुस’ झाले. मूळचा ‘आ’ येथे ‘ए’ का झाला? अतिप्राचीन लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असे, त्यामुळे उपसर्ग लागताच मूळ शब्दातला स्वर मागे पडून दुबळा होई. ‘वर्ष’ या अर्थाच्या ‘आन्नुस’पासून ‘पेरेन्निस’, म्हणजे वर्षभर टिकणारे, हा शब्द असाच तयार झाला. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये, कारण ‘कापूस’ला विभक्तीप्रत्यय लागला की ‘कापसाचा’ होतो आणि मधला ‘ऊ’ जातो. कारणे दोन्हीकडे एकच नाहीत. पण शब्द लांबला की आतला स्वर झिजतो, हे आपण रोजच ऐकतो.

रोमन लोकांना हा शब्द किती मोलाचा वाटे, हे प्रसिद्ध रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याने इ.स.पू. 55 मध्ये लिहिलेल्या वक्तृत्वावरील संवादात दिसते. तेथे संवादातले एक पात्र असलेला रोमन वक्ता क्रासुस म्हणतो की, प्रसंगाची गरज ज्याला कळत नाही, जो अति बोलतो, स्वतःची टिमकी वाजवतो किंवा सोबतच्या लोकांचा मान आणि सोय पाहत नाही, तो ‘इनेप्तुस’. त्याच्या मते ग्रीकांच्या अंगी हा दोष इतका मुरला आहे की त्यांच्या भाषेत त्याला नावच नाही. ग्रीकांवर हा अन्याय झाला असेल, पण शब्दाची व्याख्या मला फार नेमकी वाटते. असा माणूस विद्वानही असू शकतो. त्याचा सांधा त्या वेळेशी जुळलेला नसतो, एवढेच.

‘आप्तुस’ हा शब्द मराठी कानाला ओळखीचा वाटतो, आणि ते योगायोगाने नव्हे. पोहोचणे, मिळवणे या अर्थाचा संस्कृत धातू ‘आप्’ आणि हा लॅटिन शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपले ‘प्राप्त’, ‘पर्याप्त’, ‘समाप्त’ आणि जवळच्या माणसांसाठीचा ‘आप्त’ हे सारे ‘आप्’चेच. ‘अयोग्य’चे मूळ वेगळे असले, तरी त्यातली कल्पना तीच आहे, ‘योग्य’ शब्दात ‘युज्’, म्हणजे जोडणे, हा धातू आहे.

इंग्रजीने पुढे ‘ॲप्ट’ला पुन्हा ‘इन’ जोडून ‘इनॅप्ट’ असा दुसरा शब्द घडवला आणि या वेळी स्वर तसाच राहिला. ‘इनेप्ट’ मुख्यतः माणसाच्या अकुशलतेकडे सरकला, तर प्रसंगाला न शोभणाऱ्या उपमेला किंवा शेऱ्याला आज ‘इनॅप्ट’ म्हणतात. सिसेरोच्या क्रासुसला अभिप्रेत असलेला अर्थ असा या धाकट्या भावंडाकडे आला आहे.