फसलेला रूकी हंगाम आणि ३१ ऑक्टोबरची मुदत : पार्श्वभूमी

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत घेतलेल्या रूकीचा, म्हणजे नवख्या खेळाडूचा, पहिला हंगाम साधारण एप्रिलमध्ये संपतो. कराराच्या तिसऱ्या वर्षी त्याला ठेवणार की नाही, हे संघाला त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावे लागते. तोवर दुसऱ्या हंगामाचे जेमतेम चार-पाच सामने झालेले असतात. त्यामुळे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाबद्दलचा पहिला मोठा निर्णय एकाच हंगामाच्या आधारावर होतो. हंगाम बरा गेला असेल तर या तारखेकडे कुणाचे लक्षही जात नाही. वाईट गेला असेल तर ‘थांबा’ म्हणणारे आणि ‘वाया गेला’ म्हणणारे असे दोन तट लगेच पडतात. हा वाद खेळातून जितका येतो तितकाच कराराच्या रचनेतून येतो, आणि ती रचना गेल्या तीस वर्षांत घडलेली आहे.

त्याआधी हा प्रश्न फारसा उभा राहत नसे. शाळा संपल्यावर चार वर्षे थांबण्याचा नियम १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्यानंतर सैल झाला. तरी पुढची वीसेक वर्षे बहुतेक खेळाडू तीन-चार वर्षे कॉलेजमध्ये खेळूनच येत. बावीस वर्षांचा, शंभरेक कॉलेज सामने खेळलेला खेळाडू पहिल्या वर्षी अडखळला तर त्यातून पुष्कळ कळायचे. पगार ज्याच्या त्याच्या सौदेबाजीने ठरायचे. १९९४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूने एकही सामना खेळण्याआधी दहा वर्षांचा, ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार पदरात पाडून घेतला, तेव्हा मालकांचा धीर सुटला. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या १९९५ च्या सामूहिक करारात रूकी वेतनश्रेणी आली. ड्राफ्टमधल्या क्रमांकानुसार पगार ठरला आणि तीन वर्षे पक्की झाली. आजच्या श्रेणीत नेमलेल्या रकमेच्या ८० ते १२० टक्क्यांपर्यंत पगार देता येतो, आणि जवळजवळ सगळ्यांना १२० टक्केच मिळतात.

त्याच १९९५ मध्ये केविन गार्नेट शाळेतून थेट एनबीएत आला. वीस वर्षांत असा तो पहिलाच. दोनच हंगामांनंतर, १९९७ मध्ये, त्याने सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलरची मुदतवाढ मिळवली. पुढच्या वर्षी मालकांनी टाळेबंदी केली आणि १९९८-९९ चा हंगाम ५० सामन्यांवर आला. नव्या करारात तीन पक्क्या वर्षांपुढे चौथे वर्ष जोडले गेले, आणि ते घ्यायचे की सोडायचे हे संघाच्या हाती गेले. २००५ च्या करारात पक्की वर्षे दोनच उरली. तिसरे आणि चौथे वर्ष टीम ऑप्शन, म्हणजे संघाच्या मर्जीचे झाले. वयाची किमान अट १९ झाली, त्यामुळे कॉलेजात एक वर्ष काढून येणाऱ्यांची रांग लागली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायला हव्यात. येणारे खेळाडू वयाने लहान होत गेले आणि त्यांना मिळणारी पक्की वर्षे कमी होत गेली. पारखायला जास्त काळ लागणार हे उघड असताना पारखण्याची मुदत मात्र आवळली गेली. ‘थांबा’ म्हणणाऱ्यांकडून डर्क नोव्हित्स्कीचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्या ५० सामन्यांच्या, त्याच्या पहिल्या हंगामात त्याचे सरासरी ८.२ गुण होते, थ्री-पॉइंटर (दुरून मारलेले तीन गुणांचे शॉट) फक्त २०.६ टक्के पडत होते. २००७ मध्ये तोच एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला. पण त्याची तीन वर्षे पक्की होती, हे सांगायचे राहून जाते. पहिल्या हंगामानंतरच्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याबद्दल कुणाला काही ठरवायचेच नव्हते.

२००५ नंतरच्या नियमाचा काच सर्वांत स्पष्ट दिसतो तो जेलन स्मिथच्या बाबतीत. २०२० च्या ड्राफ्टमध्ये फिनिक्सने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले. कोविडमुळे तो ड्राफ्ट १८ नोव्हेंबरला झाला आणि हंगाम २२ डिसेंबरला सुरू झाला. समर लीग (नवख्यांसाठीची उन्हाळी स्पर्धा) झालीच नाही, सरावशिबिर नावापुरते होते. त्या वर्षीच्या रूकींना संघाच्या बचावातल्या हाका आणि पिक-अँड-रोलमधली (एकाने बचावपटूची वाट अडवून दुसऱ्याला मोकळे करण्याच्या डावातली) अदलाबदल थेट सामन्यातच शिकावी लागली. फिनिक्स तर त्याच हंगामात अंतिम फेरीपर्यंत गेला. तिथे नवख्या बिग मॅनला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) मिनिटे मिळणे कठीणच होते. स्मिथ २७ सामने खेळला, सरासरी सहा मिनिटांच्या आत, दोन गुण. सगळी मिनिटे जोडली तर तीन-साडेतीन पूर्ण सामन्यांइतका वेळ भरतो. त्यातही बराचसा वेळ निकाल लागून गेल्यावरचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये फिनिक्सने त्याच्या तिसऱ्या वर्षाला नकार दिला.

रक्कम होती सुमारे ४७ लाख डॉलर, पुढच्या हंगामाच्या सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) चार टक्क्यांहूनही कमी. नकाराच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात आणि ते पोकळ नाहीत. संघ लक्झरी टॅक्सच्या (ठरावीक पगारखर्चापलीकडे बसणाऱ्या कराच्या) रेषेवर गेला की तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या टप्प्यात प्रत्येक जादा डॉलरवर दीड डॉलर कर बसायचा. म्हणजे ४७ लाखांचा खेळाडू प्रत्यक्षात १ कोटी १७ लाखांना पडू शकतो. दुसरे, पंधरा जागांच्या संघात विजेतेपदासाठी झुंजणाऱ्याला आज उपयोगी पडणारा अनुभवी खेळाडू हवा असतो. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. ऑप्शन घेतलेला तरुण खेळाडू संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत चलनासारखा चालतो. नाकारलेला तसा चालत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये फिनिक्सने स्मिथला इंडियानाकडे पाठवले, तेव्हा बदल्यात एक अनुभवी विंग (कडेने खेळणारा खेळाडू) मिळवण्यासाठी त्याच्यासोबत दुसऱ्या फेरीतला पिकही (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) द्यावा लागला.

खरा गुंता याच्यापुढे आहे. ऑप्शन नाकारला की उन्हाळ्यात त्याच खेळाडूला नव्याने करार देताना नाकारलेल्या रकमेपेक्षा जास्त पहिल्या वर्षाचा पगार देता येत नाही. नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे. तो नसता तर संघ ऑप्शन मुद्दाम नाकारून, वेतनश्रेणी चुकवून आवडत्या खेळाडूला जास्त पैसे देऊ शकले असते. पण हे बंधन खेळाडूबरोबर नव्या संघाकडेही जाते. इंडियानात स्मिथला खेळायला मिळाले, २२ सामन्यांत सरासरी सुमारे १३ गुण आणि सात-साडेसात रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) आले, आणि त्याला जवळून पाहिलेल्या संघाचेच हात बांधलेले राहिले. नकाराचा निर्णय त्यांचा नव्हताच. त्याने दोन वर्षांचा सुमारे ९६ लाखांचा करार केला. २०२४ मध्ये शिकागोने त्याला तीन वर्षांसाठी २ कोटी ७० लाख दिले. तो तारा झाला नाही, उपयोगी खेळाडू झाला. ४७ लाखांत तोच मिळत होता.

अशा चुका का होतात हे समजायला एक साधा हिशेब पुरतो. समजा एखाद्याची थ्री-पॉइंटरची खरी पातळी ३५ टक्के आहे आणि पहिल्या हंगामात त्याने १५० प्रयत्न केले. निव्वळ नशिबामुळे होणारा चढउतार साधारण ३.९ टक्के-बिंदूंचा असतो. त्याच्या दुपटीएवढा फरकही नशिबाने पडू शकतो. याचा अर्थ, तो २७ टक्क्यांवर दिसला काय किंवा ४३ टक्क्यांवर दिसला काय, दोन्ही त्याच खऱ्या पातळीत बसते. प्रयत्न ७५० झाले की हा फरक १.७ वर येतो, पण तेवढे प्रयत्न व्हायला बहुतेकांना अनेक हंगाम लागतात. ऑक्टोबरमध्ये हाती असतो तो १५० वाला आकडा.

म्हणून जाणकार आधी फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) पाहतात. समोर बचाव नाही, अंतर ठरलेले, पास कसा आला याचा प्रश्न नाही. हाताची खरी ओळख तिथे होते. ७५ टक्क्यांच्या वर फ्री थ्रो मारणाऱ्याचा थ्री-पॉइंटर सुधारण्याची आशा धरता येते, ६० च्या घरातल्याच्या बाबतीत शॉटच मोडून पुन्हा बांधावा लागतो. त्यानंतर ट्रू शूटिंग, म्हणजे शॉटच्या मानाने मिळालेले गुण : फील्ड गोलचे (खेळ चालू असतानाच्या शॉटचे) प्रयत्न आणि फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४४ पट यांची बेरीज करायची, ती दुप्पट करायची आणि तिने गुणांना भागायचे. १४ गुणांसाठी १२ शॉट आणि तीन फ्री थ्रो लागले तर ५२.६ टक्के, तेवढ्याच गुणांना १५ शॉट आणि तीन फ्री थ्रो लागले तर ४२.९. सरासरी गुण दोघांचे सारखे, खेळ मात्र अगदी वेगळा. टर्नओव्हरही (बॉल गमावण्याचे प्रसंग) नुसते मोजून भागत नाही. बॉल हातातून हिसकावला जाणे ही ताकदीची आणि ड्रिबलची उणीव असते. योग्य माणूस पाहून पास किंचित उशिरा सुटणे ही वेळेची उणीव असते, आणि ती सरावाने भरून निघते. गार्डच्या (बॉल हाताळून खेळ रचणाऱ्या खेळाडूच्या) बाबतीत तर दुसऱ्या प्रकारचे टर्नओव्हर जास्त असणे हे अनेकदा चांगलेच लक्षण असते, कारण त्याला पास दिसतो आहे.

संघातली भूमिकाही तपासावी लागते. हरणाऱ्या संघात बॉल सतत हातात असलेल्या रूकीचे गुण फुगतात. २०१३-१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मायकेल कार्टर-विल्यम्सने १६.७ गुण, ६.३ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास), ६.२ रिबाउंड अशी कामगिरी करून सर्वोत्तम रूकीचा मान घेतला. पुढच्याच हंगामाच्या मध्यावर संघाने त्याला दुसरीकडे पाठवले आणि ती उंची त्याने पुन्हा गाठली नाही. त्याच हंगामात मिलवॉकीच्या यानिस आंतेतोकुम्पोचे सरासरी गुण होते ६.८.

मात्र स्टीव्ह नॅशचे ३.३ किंवा कोबी ब्रायंटचे ७.६ असे पहिल्या वर्षाचे आकडे दाखवून ‘वाईट हंगामाने काही ठरत नाही’ म्हणणे फसवे आहे. त्या यादीत फक्त वर आलेले असतात. वर न आलेल्यांची नावे कुणी जपून ठेवत नाही. २०१३ चा पहिल्या क्रमांकाचा अँथनी बेनेट ४.२ गुण आणि ३५.६ टक्के शूटिंगवर राहिला. तो खांद्याच्या शस्त्रक्रियेतून उठून, वजन वाढलेल्या अवस्थेत कोर्टवर आला होता, म्हणजे सबब खरी होती. तरीही २०१७ पर्यंत तो एनबीएबाहेर गेला.

सबब खरी आहे की नाही, यापेक्षा सबब बाजूला काढल्यावर काय उरते ते पाहणे जास्त उपयोगी ठरते. क्लीव्हलंडचा डॅरियस गारलंड गुडघ्याच्या दुखापतीमुळे कॉलेजमध्ये पाचच सामने खेळून आला. २०१९-२० मध्ये १२.३ गुण, शूटिंग ४० टक्के; एकूण उपयुक्ततेच्या मोजमापांत तो लीगच्या तळाशी होता. पण त्याच हंगामात फ्री थ्रो ८७ टक्क्यांच्या वर होते आणि थ्री-पॉइंटर ३५ टक्क्यांच्या पुढे. हात होता, शरीर आणि वेग यायचे होते. २०२२ मध्ये तो ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडला गेला. डेट्रॉइटचा किलियन हेझ, २०२० चा सातवा पिक, कंबरेच्या सांध्याच्या दुखापतीने पहिल्या वर्षी २६ च सामने खेळला, शूटिंग ३५ टक्के. दुखापत खरी, कोविडचे वर्ष खरे, पास देण्याची नजरही खरी. त्याचे फ्री थ्रो वाईट नव्हते, पण तो रेषेवर जायचाच क्वचित. बचाव मोडून बास्केटपर्यंत पोहोचता येत नव्हते, म्हणून फाउलही मिळत नव्हते. टक्केवारीपेक्षा ही वारंवारता जास्त बोलत होती. डेट्रॉइटने त्याचे दोन्ही ऑप्शन घेतले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला मोकळे केले.

२०२३ च्या सामूहिक करारानंतर हिशेब पुन्हा बदलला आहे. सेकंड एप्रन (पगारखर्चाची वरची रेषा) ओलांडणाऱ्या संघांवर इतके निर्बंध आले की वेतनश्रेणीतला स्वस्त खेळाडू संघबांधणीत पूर्वीपेक्षा मोलाचा झाला. त्यामुळे तिसऱ्या वर्षाला नकार देणे आज आणखी अवघड जायला हवे. वरच्या पाच क्रमांकांतल्यांना तो दिला जात नाहीच. तिथे वाद होतो तो संघाने त्याच्याभोवती बांधायचे की नाही यावर. पोर्टलंडच्या स्कूट हेंडरसनबद्दल २०२४ मध्ये हेच चालले होते. २०२३ चा तिसरा पिक, पहिल्या हंगामात १९ वर्षांचा, १४ गुण, शूटिंग ३८.५ टक्के, थ्री-पॉइंटर ३२.५. संघाने ऑप्शन घेतला. दुसऱ्या हंगामात शूटिंग ४१.९ वर आणि थ्री-पॉइंटर ३५.४ वर गेले, आणि सुधारणा सिद्ध झाली असे बहुतेकांनी मानले. दोन्ही वर्षांचे थ्री-पॉइंटरचे प्रयत्न प्रत्येकी तीनशेच्या आसपास धरले तर त्या २.९ बिंदूंच्या फरकातून नशीब वगळता येत नाही. त्याच्याबाबतीत पाहायचे ते बास्केटजवळचे फिनिशिंग आणि दबावाखालचे टर्नओव्हर.