ठिपका कुठे दिसत नाही?

गेल्या डिसेंबरात अमावास्येच्या सुमारास आमच्या दादरच्या इमारतीतले काही जण कर्जत लोकलने वांगणीला आकाश बघायला गेलो. मुंबईच्या उजेडात कधीच न दिसणारी देवयानी दीर्घिका तिथे फिकट पुंजक्यासारखी दिसली. तिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "इतकं लांब आहे हे ठरवता कशावरून?"

प्रश्न अगदी नेमका आहे. जेम्स वेब दुर्बिणीला 'जेड्स-जीएस-झेड१४-०' ही दीर्घिका सापडल्याचं २०२४ साली जाहीर झालं. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचं होतं. फोटोत मात्र ती एक ठिपकाच. जवळची मंद दीर्घिका आणि दूरची तेजस्वी दीर्घिका, दोन्ही तशाच दिसतात.

या शोधातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग इथे येतो. ठिपका कुठल्या रंगात दिसत नाही, ते आधी पाहायचं! त्या काळी अवकाशात हायड्रोजन भरून होता आणि १२१.६ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी तो अडवून धरायचा. पुढे विश्व प्रसरण पावत गेलं, तशा वाटेतल्या लहरीही ताणल्या गेल्या. या दीर्घिकेच्या बाबतीत सुमारे पंधरा पट. त्यामुळे ती सीमारेषा सरकून १.८ मायक्रॉनच्या (१,८०० नॅनोमीटरच्या) आसपास, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात पोचली. हबल दुर्बिणीची नजर १.७ मायक्रॉनपाशीच संपते. वेब त्यापलीकडे पाहते. वेगवेगळ्या फिल्टरमधून एकाच जागेचे फोटो घेतले, की सीमेच्या अलीकडे ठिपका गायब, पलीकडे हजर. सीमा जितकी जास्त सरकलेली, तितकी दीर्घिका दूर.

तरीही फसगत होते. 'सीअर्स-९३३१६' या दीर्घिकेची ताम्रसृती, म्हणजे लहरी किती ताणल्या गेल्या त्याचं माप, २०२२ साली १६ च्या पुढे धरली गेली होती. वर्णपट, म्हणजे प्रकाशाची लहरींनुसार बारकाईने केलेली फोड, घेतल्यावर ती ४.९ निघाली, म्हणजे विश्व शंभर कोटी वर्षांहून मोठं झाल्यानंतरची. धुळीने आणि तप्त वायूच्या ठळक रेषांनी दूरच्या दीर्घिकेचं हुबेहूब सोंग वठवलं होतं. म्हणून वर्णपट हाती येईपर्यंत असा ठिपका नुसता 'उमेदवार' असतो.

झेड१४-० या परीक्षेत उतरली. पुढे २०२५ साली चिलीतल्या आल्मा दुर्बिणींना तिच्यात ऑक्सिजन सापडला, तो पाहून संशोधकही चकित झाले. महास्फोटात ऑक्सिजन बनला नव्हता, तो ताऱ्यांच्या पोटात घडतो. म्हणजे तिथे तोवर काही तारे जन्मून, जळून, फुटूनही गेले होते.