कॉइलओव्हर बसवणी, घरच्या घरी (नागपूर)

कॉइलओव्हर बसवणी : गाडीसोबत कंपनीकडून आलेले स्प्रिंग आणि शॉकअप काढून त्यांच्या जागी उंची व कडकपणा बदलता येणारा संच बसवणे आणि मग तो गाडीला, चालकाला व रस्त्याला जुळवणे. शॉकअपच्या नळीभोवतीच स्प्रिंग बसलेली असते, म्हणून हे नाव. ग्रांथिक मराठीत सस्पेन्शनला ‘निलंबन’ म्हणतात खरे, पण तो शब्द ऐकला की घरी बसवलेला सरकारी बाबूच डोळ्यांपुढे येतो. नागपूरच्या गॅरेजांत सस्पेन्शन, शॉकअप, बुश, लिंक रॉड हेच शब्द चालतात आणि तेच येथे घेतले आहेत.

पोर्चमध्ये हे काम करायला घेणारे बहुतेक जण पैसे वाचवायला म्हणून सुरुवात करतात. हत्यारांचा खर्च धरला तर पहिल्या गाडीत फारसे काही वाचत नाही. फायदा दुसराच आहे : प्रत्येक माप आपल्या हाताने घेता येते, आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडता येते. या कामात पान्याइतकीच वहीही लागते.

गाडीच्या पुढच्या चाकांना बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या इंग्लंडमधील गाड्यांमुळे १९५०च्या दशकात रुळली. यात शॉकअप हाच चाक उभे धरणारा खांब असतो, त्यामुळे स्प्रिंग जितकी दबते जवळजवळ तितकेच चाक वर जाते. डबल विशबोन रचनेत चाक वर-खाली अशा दोन आर्मनी, म्हणजे दांड्यांनी, धरलेले असते आणि शॉकअप आर्मच्या मध्येच कुठेतरी टेकलेला असतो. तिथे चाक १० मिमी हलले तर शॉकअप समजा ७ मिमी हलतो. हे प्रमाण ०.७ धरले तर ८ किलो प्रति मिमीची स्प्रिंग चाकापाशी तिच्या निम्म्याहूनही थोडी कमी, म्हणजे ३.९ किलोची भासते, कारण प्रमाणाचा वर्ग लागू होतो. उलट कॉलर, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांची कडी, १० मिमी फिरवली तर गाडी सुमारे १४ मिमी खाली बसते. मित्राच्या गाडीचे आकडे आपल्या गाडीवर जसेच्या तसे उतरवणारे इथेच फसतात.

नागपुरात काम बसवायचे तर आधी फरशी तपासावी लागते. पोर्चला पावसाचे पाणी निघून जावे म्हणून फाटकाकडे उतार दिलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही, उंचीच्या मापात मात्र बरोबर उतरतो. यावर सोपा उपाय म्हणजे गवंड्याची पाण्याची नळी. चारही चाकांच्या जागी खडूने चौकोन आखायचे, पारदर्शक नळीत पाणी भरून हवेचे बुडबुडे झटकून काढायचे आणि एकेका चौकोनाची पातळी भिंतीवरच्या एकाच खुणेशी ताडायची. जी चाके खाली असतील त्यांच्याखाली टाइलचे तुकडे सरकवले की मोजमापापुरती जमीन सपाट झाली. अंगणात काम करणाऱ्यांनी घोड्यांखाली, म्हणजे जॅक स्टँडखाली, जाड प्लायवूड घालावे. पावसाळ्यानंतर इथली काळी माती भार आला की खचते, आणि मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की डांबरही मऊ पडून स्टँडचे पाय रुततात. नवतपाच्या दिवसांत काम पहाटे पाच ते नऊ एवढेच. त्यानंतर उन्हात तापलेला पाना हातात धरवत नाही.

सुटे करण्याआधी चारही चाकांचे एक माप लिहून ठेवायचे : चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे उभे अंतर. टायरच्या हवेचा त्यावर परिणाम होत नाही, म्हणून जमिनीपासूनच्या मापापेक्षा ते जास्त भरवशाचे. मग चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे आणि गाडी स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातही घालू नये. ब्रेकच्या होजचा क्लॅम्प, एबीएसची वायर आणि लिंक रॉड (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या बारची दांडी) मोकळा झाल्यावर नकलचे, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाचे, बोल्ट काढले जातात. त्याआधी बोल्टच्या डोक्याभोवती रंगाची खूण केलेली बरी, कारण काही गाड्यांत कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, त्याच बोल्टवर ठरतो. नकल ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. बॉनेटखालचे वरचे नट सर्वांत शेवटी, एका हाताने स्ट्रट धरून.

जुन्या स्ट्रटच्या टोकाचा मधला नट हा या सगळ्या कामातला एकमेव खरोखर जीवघेणा नट. त्याखाली स्प्रिंग शेकडो किलोंच्या दाबाने कोंडलेली असते. नव्या संचासोबत वरचे माउंट आले असेल तर त्याला हात लावायचे कारणच नाही. जुने माउंट वापरायचे असेल तर आणि तरच स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून तो उघडायचा, किंवा सरळ गॅरेजात नेऊन तेवढेच काम करून आणायचे. त्यात कमीपणा काही नाही. नव्या शॉकअपच्या दांड्यावरचा नट एअर गनने आवळणेही चूकच. दांडा आतल्या आत गरगर फिरतो आणि सील खराब होते. दांडा ॲलन कीने धरून नट हाताने आवळायचा, शेवट टॉर्क पान्याने.

घरगुती कामात सर्वाधिक होणारी चूक मात्र बुशची, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबराची, आणि ती चार-सहा महिन्यांनी कळते. बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही लोखंडी नळ्यांना चिकटवलेले असते. तो फिरणारा सांधा नव्हे, पिळला जाणारा सांधा आहे. गाडी स्टँडवर असताना चाक पूर्ण खाली लोंबत असते. त्या अवस्थेत आर्मचा बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते. उंचीचे माप फसवे येते आणि रबर फाटते. म्हणून हे बोल्ट आधी फक्त हाताने बसवायचे, मग लोअर आर्मखाली जॅक लावून चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचे माप ठरवलेल्या उंचीइतके आले की पक्के आवळायचे. पाच मिनिटांचे काम. तरी ‘नंतर बघू’ म्हणून राहून जाते.

उंचीचा मोह आवरणे कठीण असते. नवा संच आला की कॉलर शक्य तितकी खाली नेऊन फोटो काढला जातो. गतिरोधकाचे गणित मांडले की उत्साह जरा ओसरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, वक्रता १७ मीटर त्रिज्येची. अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत तेवढे अंतर असलेली) गाडी त्यावर मधोमध आली तर पोटाखालची सुमारे ४५ मिमी जागाच जाते. गल्लीत रहिवाशांनी सिमेंट ओतून केलेला अरुंद उंचवटा तेवढाच उंच असला तरी पूर्ण १०० मिमी खातो. मूळची १३५ मिमी जागा असलेली गाडी ३० मिमी खाली आणली की उरतात १०५. बाकीचे चालकाने समजून घ्यावे. स्ट्रटच्या गाडीत फार खाली गेले तर लोअर आर्म आणि स्टिअरिंगचे टाय रॉड तिरके होतात आणि प्रत्येक खड्ड्यावर स्टिअरिंग आपोआप हलू लागते. तशी गाडी दिसायला रेसची आणि चालवायला बैलगाडी.

कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजांतही पक्का आहे. साध्या स्प्रिंगच्या बाबतीत तो खोटा आहे. स्ट्रटच्या चाकावर ३०० किलो भार आणि स्प्रिंग ६ किलो प्रति मिमीची असेल तर ती ५० मिमी दबणारच. आधीच १० मिमी आवळून ठेवली तर गाडी १० मिमी उंच उभी राहील आणि उरलेली ४० मिमी दबेल; कडकपणा तोच. कमी झाली ती चाकाला खड्ड्यात खाली जायला मिळणारी जागा. म्हणून ज्या संचात खालचा ब्रॅकेट फिरवून शॉकअपची लांबीच बदलता येते, त्यात स्प्रिंगला हात न लावता उंची ठरवावी.

एका कोपऱ्याची उंची बदलली की चारही चाकांवरचा भार बदलतो. डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या एका पायाखाली पुठ्ठा घातला की तो पाय आणि समोरचा तिरका पाय जास्त वजन घेतात, तसेच इथे. त्यामुळे लिंक रॉड सर्वांत शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आणि चालकाच्या जागी त्याच्याच वजनाचे कोणी बसवून जोडावा. जॅकवरून उतरवलेली गाडी टायर बाजूला अडकल्यामुळे काही काळ उंचच दिसते. ती चार-पाच मीटर पुढेमागे ढकलावी आणि मगच माप घ्यावे. दीडदोनशे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंग बसते, तेव्हा पुन्हा मोजायचे, सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासायचे, आणि अलाइनमेंट त्यानंतर. आधी केली तर पैसे दोनदा. अलाइनमेंटवाल्याला कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाकांची तोंडे आत-बाहेर किती वळलेली ते) किती हवा ते कागदावर लिहून द्यावे. नाहीतर तो पडद्यावरचा आकडा हिरवा झाला की गाडी उतरवतो, आणि तो आकडा मूळ उंचीच्या गाडीचा असतो.

शॉकअपचा कडकपणा बदलणाऱ्या बटणाचे क्लिक नेहमी पूर्ण कडक टोकापासून उलटे मोजतात, जोर न लावता. २४ क्लिकच्या संचात १२पासून सुरू करून एका वेळी पुढचीच किंवा मागचीच जोडी दोन-तीन क्लिक बदलावी आणि तोच रस्ता त्याच वेगाने फिरावा. शहरातले सिमेंट रस्ते यासाठी चांगले, कारण त्यांचे सांधे ठरावीक अंतराने ठोका देतात. शॉकअप परतताना फार कडक असेल तर पहिल्या ठोक्यातून चाक सावरायच्या आत दुसरा येतो आणि रंबल पट्ट्यांवर गाडी हळूहळू खाली दबत जाते. लोक त्याला ‘अजून कडक हवे’ समजून क्लिक वाढवतात. मे आणि जानेवारीत एकच आकडा जुळत नाही. तापले की शॉकअपचे तेल पातळ होते.

कायद्याच्या बाजूने हे काम निर्धोक नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. म्हणून जुने स्प्रिंग-शॉकअप भंगारात देत नाहीत. डावे-उजवे चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवतात.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कॉलरच्या आट्यांत बसतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो असा वाळतो की सी-पाना घसरतो. बसवतानाच आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावणे आणि पाऊस संपला की नायलॉनच्या ब्रशने त्या धुणे, एवढ्याने कॉलर वर्षानुवर्षे हाताने फिरते. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात छिन्नी-हातोडा लागतो, आणि छिन्नी लागलेली कॉलर पुन्हा सरळ फिरत नाही.