गुडघ्यातील कूर्चेवरील शस्त्रक्रिया

मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीचा माथा आणि वाटीची मागील बाजू यांवर काचाभ कूर्चेचे (काचेसारख्या चकचकीत, गुळगुळीत ऊतीचे, hyaline cartilage) काही मिलिमीटर जाडीचे अस्तर असते. त्याच्या हानीवरील शस्त्रक्रियांचा येथे विचार केला आहे. बोलीत ‘गादी’ म्हणतात ती बहुधा अर्धचंद्राकृती कूर्चा, ती वेगळी. काचाभ कूर्चेत रक्तवाहिन्या व तंत्रिका नसतात. तिची झीज भरून येत नाही, हे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदविले होते.

हाडाला छिद्रे पाडून मज्जेतील रक्त व पेशी कूर्चा नष्ट झालेल्या खळग्यात आणण्याची पद्धत आज मायक्रोफ्रॅक्चर या नावाने ओळखली जाते व तिचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांना दिले जाते. तथापि ब्रिस्टलच्या प्रिडी यांनी १९५९ मध्ये ड्रिलने छिद्रे पाडण्याची पद्धत मांडली होती. तत्त्वाचे श्रेय त्यांना आणि टोकदार आरीने, दुर्बिणीतून, ३ ते ४ मिमी. अंतरावर छिद्रे घेण्याच्या तंत्राचे स्टेडमन यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. गोठलेल्या रक्तातून तयार होणारी ऊती मुख्यतः तंतुमय कूर्चेची असते. तीत पहिल्या प्रकारचे कोलॅजेन (तंतुरूप प्रथिन) अधिक आढळते, तर मूळ कूर्चेत दुसऱ्या प्रकारचे असते.

मोझाइकप्लास्टीत सांध्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातील हाड-कूर्चेचे दंडगोल खळग्यात बसवितात. हंगेरीच्या हँगोडी यांनी ती रूढ केली. खळगा मोठा असल्यास मृत दात्याची कलम वापरतात.

स्वतःच्या कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून दुसऱ्या शस्त्रक्रियेत रोपण्याचे तंत्र स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९८७ च्या सुमारास प्रथम रुग्णावर वापरले गेले. ब्रिटबर्ग, पीटरसन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचा अहवाल दिला. मांडीच्या हाडावरील १६ पैकी १४ रुग्णांत परिणाम चांगला वा उत्तम होता, वाटीच्या ७ पैकी केवळ दोघांत. नवी ऊती खरोखर काचाभ असते काय, याविषयी मतभेद आहेत. पुढील ऊतिपरीक्षांत ती पुष्कळदा मिश्र आढळल्याने ‘काचाभसदृश’ हा शब्दच योग्य वाटतो. नॉर्वेतील ८० रुग्णांच्या तुलनेत (२००४) दोन वर्षांनंतर पेशीरोपणाची पद्धत मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा सरस ठरली नाही.

पाय वाकडा असल्यास हाड कापून भाररेषा सुधारावी लागते. सर्वत्र झिजलेल्या, संधिवातग्रस्त गुडघ्यास वरील उपाय सहसा लागू पडत नाहीत. अशा गुडघ्यांत दुर्बिणीने केलेली सफाई लुटुपुटीच्या (केवळ छेद घेऊन प्रत्यक्ष उपचार न केलेल्या) शस्त्रक्रियेहून अधिक उपयुक्त नसल्याचे २००२ मध्ये १८० रुग्णांच्या चाचणीत दिसले.