उडी मारणारा इलेक्ट्रॉन आणि सामाईक इलेक्ट्रॉन

मिश्र-संयुजा रेणूंबद्दल, म्हणजे ज्यांत एकाच धातूचे दोन अणू वेगवेगळ्या भारावर असतात अशा रेणूंबद्दल, एक वाक्य वारंवार वाचायला मिळतं: ‘इलेक्ट्रॉन दोन धातूंमध्ये इतक्या वेगाने ये-जा करतो की तो दोन्हीकडे आहे असं म्हणता येतं.’ मला हे वाक्य खटकतं, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. जमिनीचा तुकडा दोन भावांनी रोज एकमेकांच्या नावावर करत राहणं वेगळं, आणि सातबाऱ्यावर मुळातच दोघांची नावं असणं वेगळं. फेरफार कितीही भराभर झाले तरी त्यातून सामाईक मालकी होत नाही. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हा फरक वर्णपटात मोजता येतो.

रुथेनियमचे दोन आयन शेजारी ठेवू. पहिला स्टॅनफर्डच्या कॅरल क्रॉइट्झ आणि हेन्री टाउबे यांनी १९६९ मध्ये जगासमोर आणला. दोन टोकांना रुथेनियम, प्रत्येकाभोवती पाच अमोनिया, मध्ये पायराझिनच्या एका कड्याचा पूल आणि एकूण भार +५. म्हणजे कागदावर एक रुथेनियम +२ आणि दुसरा +३. दुसऱ्या आयनाची बांधणी अगदी तशीच, फक्त पूल लांब: दोन कड्यांचं ४,४′-बायपिरिडीन. दोघेही निकट अवरक्त भागात प्रकाश शोषतात, आणि वर्णपटात तिथे एक पट्टा दिसतो. भार +४ किंवा +६ केला की तो पट्टा दोघांतही नाहीसा होतो. गफलत इथेच होते. पट्टा दिसला, म्हणजे उजेडाने इलेक्ट्रॉन इकडून तिकडे ढकलला, असं दोघांबद्दलही लिहिलं जातं.

बायपिरिडीनवाल्याबद्दल ते खरं आहे. त्याचा पट्टा १,०३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जेच्या एककात सुमारे ९,७०० प्रति सेंटिमीटरवर येतो (पुढचे रुंदीचे आणि ऊर्जेचे आकडेही याच एककात). प्रकाश शोषला जाण्याचा क्षण इतका छोटा असतो की तेवढ्यात अणूंना हलायला वेळच मिळत नाही. इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतो, पण भोवतीचे पाण्याचे रेणू अजून जुन्याच भाराकडे तोंड करून उभे असतात. या विसंगतीची किंमत म्हणजेच पट्ट्याची ऊर्जा. द्रावक बदलला की किंमत बदलते आणि पट्टा सरकतो. द्रावकाचे रेणू उष्णतेने सतत हलत असल्यामुळे प्रत्येक आयनाला ही किंमत थोडी वेगळी पडते, म्हणून पट्टा रुंद होतो. नोएल हश यांच्या १९६७ च्या सिद्धांतानुसार खोलीच्या तापमानाला ही रुंदी म्हणजे २,३१० गुणिले पट्ट्याची ऊर्जा, त्याचं वर्गमूळ. इथे ते ४,७०० च्या आसपास येतं आणि प्रत्यक्ष रुंदी पाच हजारांच्या जवळपास आहे. हिशेब जुळतो. उजेड नसतानाही हा इलेक्ट्रॉन उड्या मारतो, उष्णतेच्या बळावर. त्यासाठीचा चढ पट्ट्याच्या ऊर्जेच्या साधारण चौथा भाग असतो.

आता क्रॉइट्झ-टाउबे आयन. पट्टा १,५७० नॅनोमीटरवर, म्हणजे सुमारे ६,४०० प्रति सेंटिमीटर. हशच्या सूत्राने रुंदी ३,८०० हवी, पण भरते जेमतेम १,४००. द्रावक बदला, पट्टा जवळजवळ जागचा हलत नाही. पट्टा अरुंद आहे, कारण भार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातच नाही. इलेक्ट्रॉन आधीच दोघांत सारखा वाटलेला आहे, आणि प्रकाश त्याला एका सामाईक कक्षकातून (इलेक्ट्रॉनच्या वावराच्या जागेतून) दुसऱ्या सामाईक कक्षकात नेतो. १९९० मध्ये स्टॅनफर्डलाच ओह आणि बॉक्सर यांनी हे पट्टे विद्युत क्षेत्रात ठेवून तपासले. भार खरोखर इकडून तिकडे जात असेल तर रेणूचा द्विध्रुव, म्हणजे दोन टोकांमधली भाराची असमान वाटणी, मोठ्या प्रमाणात बदलायला हवा. बायपिरिडीनवाल्यात तसा बदल दिसला, क्रॉइट्झ-टाउबे आयनात नाही. मला हा पुरावा सगळ्यांत थेट वाटतो, कारण भार हलला की नाही हेच त्यात विचारलेलं आहे.

मेल्विन रॉबिन आणि पीटर डे यांच्या १९६७ च्या वर्गीकरणात बायपिरिडीनवाला दुसऱ्या वर्गात (उडी मारणारा इलेक्ट्रॉन) आणि क्रॉइट्झ-टाउबे तिसऱ्या वर्गात (सामाईक इलेक्ट्रॉन) बसतो. वर्ग चुकला की आकडाही चुकतो. दुसऱ्या वर्गात पट्ट्याची ऊर्जा म्हणजे भोवतालाच्या पुनर्रचनेची किंमत, आणि दोन धातूंमधला दुवा किती घट्ट आहे ते पट्ट्याच्या तीव्रतेवरून काढावं लागतं. तिसऱ्या वर्गात तीच ऊर्जा त्या दुव्याच्या थेट दुप्पट असते. क्रॉइट्झ-टाउबेला दुसऱ्या वर्गाचं तीव्रतेचं सूत्र लावलं तर दुवा सहाशे-सातशे निघतो. तिसऱ्या वर्गाच्या नियमाने तो ३,२०० येतो, पाचपट. आणि ‘उडीचा वेग किती?’ हा प्रश्न तिसऱ्या वर्गात विचारताच येत नाही. तिथे उडीच नाही.

एक सावधगिरी. एखाद्या वर्णपटात दोन शिखरांऐवजी एकच दिसलं म्हणजे इलेक्ट्रॉन सामाईक असं नव्हे. प्रत्येक तंत्राचं घड्याळ, म्हणजे किती झटपट बदल त्याला टिपता येतो ते, वेगळं असतं. गॅमा किरणांनी लोखंडाची अवस्था ओळखणाऱ्या मॉसबाउअर तंत्राचं घड्याळ सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागाचं. बायफेरोसेनियम या दोन लोखंडी अणूंच्या आयनाचे काही क्षार थंडीत दोन प्रकारचं लोखंड दाखवतात, तापवले की एकच. तिथे इलेक्ट्रॉन उड्याच मारतो, फक्त घड्याळाला त्या टिपता येत नाहीत.

अवरक्त कंपनांचं घड्याळ याहून लाखपट चपळ. क्लिफर्ड क्यूबियाक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचा सुंदर उपयोग केला. तीन-तीन रुथेनियमचे दोन पुंजके पायराझिनने जोडलेले, आणि प्रत्येक पुंजक्यावर एकेक कार्बन मोनॉक्साइड. एक जादा इलेक्ट्रॉन घातला आणि तो एकाच पुंजक्यावर राहिला, की दोन कार्बन मोनॉक्साइडची कंपनं वेगळी पडायला हवीत. पुंजक्यांना बाजूने सायनोपिरिडीनचे रेणू जोडलेले असताना ती वेगळी दिसतात. त्याजागी डायमिथिलअमिनोपिरिडीन आणलं, जे धातूला जास्त इलेक्ट्रॉन देऊ करतं, की दोन्ही शिखरं वितळून जवळजवळ एक होतात. त्या आकारावरून काढलेला उडीचा वेग सेकंदाला सुमारे एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्यं. एवढ्या वेगात द्रावकाच्या रेणूंनाही वळायला पुरेशी सवड मिळत नाही. २००१ मध्ये टॉम मायर आणि सहकाऱ्यांनी अशा रेणूंसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या मधली वेगळी जागा मांडली: द्रावकाच्या दृष्टीने इलेक्ट्रॉन दोघांत वाटलेला, पण कंपनांच्या दृष्टीने अजून एकाच बाजूला.